गोळ्या तालुक्यालाच मिळाव्यात

जागतिक मानसिक आरोग्य दिनानिमित्त आपण छापलेला, मनाच्या दुखण्याबद्दल मोकळेपणाने बोला असे सांगणारा लेख वाचला. आवाहन योग्यच आहे. पण बोलल्यावर उपचार कुठे घ्यायचे? बंगळूरच्या ‘निम्हान्स’ या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार, आजारागणिक ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांविना होते. त्यांना केवळ संकोच आडवा आला, असे मानणे अन्यायाचे आहे.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चे कलम १८ स्पष्ट आहे. आवश्यक औषधांच्या यादीतील गोळ्या ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या प्रत्येक सरकारी रुग्णालयात सदैव आणि मोफत मिळायला हव्यात. प्रत्यक्षात औषधखिडकीवर ‘साठा नाही, बाहेरून घ्या’ हे उत्तर मी नोकरीत असताना कितीदा ऐकले. स्किझोफ्रेनियाच्या मुलाला घेऊन आलेली आई केसपेपर घडी करून पिशवीत ठेवते आणि एसटीने परत जाते, कारण एका फेरीतच तिची मजुरी बुडालेली असते. गोळ्या मध्येच सुटल्या की आजार उलटतो. मग मुलाला भरती करावे लागते, आणि तो खर्च त्या स्वस्त जेनेरिक गोळ्यांच्या कितीतरी पट होतो.

‘टेलि-मानस’ची १४४१६ ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन हवीच, परंतु फोनवरून गोळी हातात पडत नाही. राज्याच्या येत्या अर्थसंकल्पात या औषधांसाठी स्वतंत्र तरतूद करावी आणि प्रत्येक तालुक्यातील साठा दरमहा जाहीर करावा.

– एक निवृत्त परिचारिका, परभणी