मागच्या चाकांचे बेअरिंग: नट आवळून प्ले जात नाही

संपादक महोदय,

विंटेज गाड्यांच्या रंगकामावर भरपूर लिहिले जाते. मागच्या बेअरिंगकडे मात्र चाक घरघरू लागेपर्यंत कोणी बघत नाही, आणि मग चुकीचा नट आवळला जातो. टेपर शाफ्टच्या (चाक फिरवणाऱ्या, टोकाला निमुळत्या दांड्याच्या) टोकावरचा तो मोठा नट फक्त ब्रेक ड्रम घट्ट धरतो. बेअरिंगचा प्ले, म्हणजे शाफ्टची आत-बाहेर होणारी किंचित हालचाल, त्याने बदलत नाही.

टेपर रोलर बेअरिंगच्या बऱ्याच जुन्या ॲक्सलमध्ये प्ले ठरतो तो बॅकप्लेट (ड्रममागची स्थिर तबकडी) आणि हाउसिंग (ॲक्सलचे कवच) यांच्या मधल्या शिमवर, म्हणजे पातळ पत्र्याच्या चकत्यांवर. शिम काढली की प्ले कमी, घातली की जास्त. पण सगळ्या शिम एकाच बाजूने काढू नयेत. दोन्ही शाफ्टची आतली टोके डिफरन्शियलमधल्या थ्रस्ट ब्लॉकला (शाफ्टचा आतला रेटा झेलणाऱ्या ठोकळ्याला) टेकतात आणि तो मध्यावरच राहायला हवा. म्हणून दोन्हीकडची जाडी शक्यतो सारखी ठेवावी.

बॅकप्लेटचे बोल्ट पूर्ण आवळून, शाफ्टच्या टोकाला डायल गेज (बारीक हालचाल मोजणारे मापक) लावून शाफ्ट आत-बाहेर ओढून पाहावा. अनेक गाड्यांत ०.०८ ते ०.२० मिमी प्ले चालतो. शेवटचा शब्द त्या गाडीच्या मॅन्युअलचा. प्ले शून्य केला तर तापल्यावर शाफ्ट लांबतो, रोलर रेसवर (बेअरिंगच्या कड्यावर) दाबले जातात आणि निळे पडतात.

कळकळीची विनंती एकच: अडकलेला ड्रम काढायला शाफ्टवर घण घालू नका. तो मार थेट थ्रस्ट ब्लॉक आणि पलीकडच्या बेअरिंगपर्यंत पोचतो. ड्रम ओढून काढणारा पुलर वापरा. जोडताना सील नवे, स्प्लिट पिनही नवी.

आपला,
एक वाचक