दुसऱ्या गियरचं रडगाणं

प्रिय मित्रा,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. गुडघा बरा आहे, गोळ्या चालू आहेत. गाडीवरून आपलं जे वाजलं त्यानंतर मी लिहिलं नाही आणि तूही लिहिलं नाहीस, म्हणजे फिटंफाट झाली. पण आता असं काही झालंय की ते तुझ्याशिवाय कुणाला सांगून उपयोग नाही. हिला सांगितलं, तर म्हणाली, ‘कान तपासून घ्या.’

गाडीतून आवाज येतोय.

हसू नकोस. डिझेल इंजिन काढून विजेची मोटर बसवली तेव्हा ‘ही आता पिकअप नाही, मिक्सर आहे’ असं तू चारचौघांत म्हणाला होतास. ते माझ्या लक्षात आहे. त्या मिक्सरमध्ये आता मी साउंड सिस्टिम बसवलीय. दारांत साडेसहा इंची स्पीकर, काचेच्या खांबांवर बारीक सुरांचे ट्वीटर, सीटमागे खर्जाचा दहा इंची चपटा वूफर आणि सीटखाली अँप्लिफायर, म्हणजे अँप. वूफरच्या बंद खोक्याला जेमतेम वीस लिटर जागा मिळाली. सीट सरळ ठेवावी लागते, त्यामुळे मी हल्ली ताठ बसून गाडी चालवतो आणि लोकांना वाटतं माझा स्वभाव सुधारला.

‘गाण्यांनी रेंज खाल्ली जाईल’ हे तुझं ठरलेलं पालुपद येण्याआधीच हिशेब देतो. अँप हजार वॉटचा असला तरी गाणं सतत हजार वॉट ओढत नाही. दणका क्षणाचा असतो, सरासरी शंभर वॉटच्या आसपास. गाडी किलोमीटरला अडीचशे वॉट-अवर खाते. म्हणजे तासभर गाणी ऐकली तर चारशे मीटरची रेंज गेली. तेवढं मी चालत जाईन. गुडघा बरा आहे म्हटलं ना.

दारं उघडली तेव्हाची एक गंमत सांगायची राहिली. पत्रा थरथरू नये म्हणून आतून बुटाइल रबराची शीट चिकटवायची असते. रोलर इतका दाबून फिरवायचा की शीटवरची नक्षी सपाट झाली पाहिजे, नाहीतर खाली हवा राहते आणि उन्हाळ्यात शीट सुटून येते. तर डावीकडच्या दाराचा ट्रिम काढला आणि आत काय दिसावं? काचेच्या रेलला सायकलच्या ट्यूबचा तुकडा, तांब्याच्या तारेने आवळून बांधलेला, तारेचं टोक व्यवस्थित आत वळवलेलं, कुणाच्या हाताला लागू नये म्हणून. काकांचं काम, गाडी त्यांच्याकडे होती तेव्हाचं. काच खडखडू नये म्हणून केलेलं. रबर दगडासारखं झालंय, पण पकड सुटलेली नाही. मी तो काढला नाही. त्याच्या बाजूने शीट कापून लावली. फिटर म्हणाला, ‘साहेब, फिनिशिंग जातं.’ जाऊ दे म्हटलं.

हा फिटर म्हणजे एक वल्ली. अँपची वायर त्याने सरळ बारा व्होल्टच्या जुन्या बॅटरीला जोडली. मी विचारलं, एवढा करंट ही बॅटरी देईल का? तर म्हणतो, ‘अल्टरनेटर आहे ना!’ अरे, इंजिनच नाही तर अल्टरनेटर कुठला? मोठ्या बॅटरीतून कन्व्हर्टर बारा व्होल्ट बनवतो, त्याची ताकद एक किलोवॉट, म्हणजे सत्तरेक अँपिअर. त्यातच दिवे, वायपर, ब्रेकचा व्हॅक्यूम पंप. आणि अँप एका दणक्याला एकटा ऐंशीच्या वर ओढतो. उरलेलं त्या म्हाताऱ्या बॅटरीने द्यायचं. मी हे सगळं सांगितलं तर तो मान डोलावत राहिला आणि वायरीवर टेप गुंडाळत राहिला.

मग एका रात्री चढावर दिवे चालू, पाऊस, वायपर चालू, मी ब्रेकवर पाय ठेवला तसा पंप सुरू झाला आणि नेमका तेव्हाच गाण्यात ढोल वाजला. समोरचा डिस्प्ले विझला, खालून ‘टक्’ असा आवाज आला आणि मोटर गेली. मोठ्या बॅटरीची वाट उघडी ठेवणारा जो कॉन्टॅक्टर असतो ना, त्याची कॉइल आणि बॅटरीवर नजर ठेवणारं सर्किट, दोघंही या बारा व्होल्टवर जगतात. ते घसरले की तीनशे व्होल्टचा बाप असला तरी दार बंद. ब्रेक होते, हँडब्रेक होता, मागे कुणी नव्हतं. चावी फिरवून पुन्हा चालू झाली. पण घरी येईपर्यंत मी रेडिओलाही हात लावला नाही.

आता अँपला वेगळी बॅटरी आहे, लिथियम आयर्न फॉस्फेटची. तिच्या आणि जुन्या बॅटरीच्या मध्ये पंचवीस अँपिअरपुरताच करंट जाऊ देणारा चार्जर आहे. ढोल वाजो की ताशा, धक्का नव्या बॅटरीलाच. कॉन्टॅक्टरला पत्ता लागत नाही. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर, मोठ्या बॅटरीच्या नारिंगी केबलच्या आसपास कुणाला फिरकू दिलं नाही. फिटर दुसरा.

आता मुद्द्यावर येतो. हे सगळं झाल्यावर डाव्या ट्वीटरमधून बारीक कुईऽऽ यायला लागलं. पेडल दाबलं की सूर चढायचा, सोडलं की उतरायचा. सूर एकाच जागी राहिला असता तर कन्व्हर्टरवर संशय घेतला असता. गाडीच्या वेगाबरोबर पळतो म्हणजे मोटरला वीज पुरवणाऱ्या इन्व्हर्टरचा. अँपच्या इनपुटला शॉर्टिंग प्लग लावले, म्हणजे सिग्नलची वाटच बंद केली, तर शांत. म्हणजे सप्लायमधून नाही, सिग्नलच्या वाटेने येतोय. अँपपाशी डावी-उजवी केबल अदलाबदल केली, तर कुईसुद्धा उजवीकडे गेली. म्हणजे स्पीकर निर्दोष. शेवटी सापडलं. डीएसपीचा, म्हणजे अँपच्या आधी आवाजाला वळण लावणाऱ्या डब्याचा, सप्लाय जुन्या बॅटरीवर, अँपचा नव्या बॅटरीवर, आणि दोघांच्या अर्थच्या वायरी बॉडीला वेगवेगळ्या ठिकाणी. दोन्ही अर्थ एका बोल्टवर आणले, खालचा रंग खरवडून, आणि सिग्नलची केबल नारिंगी केबलपासून लांब दुसऱ्या बाजूने ओढली. ट्वीटर गप्प झाला.

मग एकेका स्पीकरचा वेळ जुळवला. जवळच्या ट्वीटरला थोडा उशीर द्यायचा, म्हणजे सगळ्यांचा आवाज कानाशी एकदम पोचतो. चौतीस सेंटिमीटरला साधारण एक मिलिसेकंद. आकडा बरोबर बसला आणि गायक अचानक डॅशबोर्डच्या मधोमध येऊन उभा राहिला. तू असतास तर तेव्हाच ‘आवाज वाढव’ म्हणाला असतास आणि सगळी मजा घालवली असतीस. कॉलेजच्या गॅदरिंगला ते दोन भोंगे फाडले ते कुणी, हा वाद मी आज काढत नाही.

तर गायक मधोमध, आनंदीआनंद, आणि त्याच चढावर पुन्हा कुई. बारीक, पण आहे. डेक बंद केला, तरी आहे. थांबून अँपचा फ्यूज उपटला आणि पुन्हा चढलो. आहेच! फ्यूज खिशात आणि गाडी गातेय. मला घाम फुटला. मग पेडल सोडलं तर सूर गेला नाही, त्याचा पोत बदलला, जरा घोगरा झाला. तिसरा टाकला, मोटरचा वेग आधीएवढाच ठेवला, तर कुई गायब. पुन्हा दुसरा, पुन्हा कुई. ती इन्व्हर्टरची असती तर मोटरच्या त्याच वेगाला तिसऱ्यातही आली असती.

लेका, हा दुसरा गियर आहे. गियरबॉक्स जुनाच ठेवलाय हे तुला माहीत आहे. काका म्हणायचे ना, ‘दुसरा रडतो हो हिचा’, आणि आपण दोघं मागे हौद्यात बसून म्हणायचो की काहीच ऐकू येत नाही. कसं येणार? वर ते इंजिन कोकलत होतं. काकांना ते त्या कोलाहलातून ऐकू यायचं, आणि मला ते ऐकायला आधी इंजिन काढावं लागलं, मग दारांना शीट लावावी लागली, मग ट्वीटर गप्प करावा लागला.

आता झोप उडालीय ती यामुळे. ही रड जुनीच आहे की काही झिजत चाललंय? बेअरिंग नसावं असं वाटतं, कारण खालच्या शाफ्टचं बेअरिंग गेलं असतं तर पहिल्या-तिसऱ्यालाही ओरडलं असतं, फक्त डायरेक्ट चौथ्याला गप्प बसलं असतं, कारण तिथे जोर त्या शाफ्टमधून जातच नाही. हे फक्त दुसऱ्याला आहे, म्हणजे गियरचे दात. पण मोटर शून्यापासून पूर्ण जोर देते, इंजिन तसा देत नव्हतं, तेव्हा त्या दातांवर मी रोज काय करतोय कोण जाणे. मी हल्ली चढावर तिसराच टाकतो. आणि मग कधी कधी मुद्दाम दुसरा टाकतो, डेक बंद करून. हे हिला सांगायची सोय नाही.

तेव्हा नीट आठवून सांग. काकांनी तो बॉक्स कधी उघडला होता का? दुसऱ्याची जोडी बदलली होती, की तेल जाड भरून वेळ मारून नेली होती? आणि ते पहिल्यापासून रडायचं, की आपण दहावीत होतो तेव्हा ती गाडी खड्ड्यात घातली गेली त्यानंतर? (कुणी घातली ते आपल्या दोघांतच राहू दे.) गाडी विकण्याआधी आवाज दबावा म्हणून बॉक्समध्ये लाकडाचा भुसा टाकणारे लोक असतात. मोटर बसवताना तेल काढलं तेव्हा मी बोटांनी चोळून बघितलं होतं. भुसा नव्हता, तुझी अब्रू शाबूत आहे. तळाच्या मॅग्नेटवर मात्र बारीक काळी लेई होती. चकचकीत तुकडे नव्हते.

तुझं नवीन घर लागलं का? वहिनींचं ऑपरेशन नीट झालं हे ताईकडून कळलं, मी फोन करायला हवा होता, केला नाही, रागवायचं तर रागव. धाकटीची परीक्षा झाली असेल. मास्तर भेटले तर नमस्कार सांग आणि त्यांच्या पैशांचं काय ते तूच बघ.

काकांची ती निळी वही, ज्यात ते गाडीचा सगळा खर्च लिहायचे, ती तुझ्याकडे असेल तर गियरबॉक्सची पानं फोटो काढून पाठव. उत्तर येईपर्यंत मी तिसऱ्यावरच चढतोय.

तुझा,
मिक्सरवाला

ता. क. फोन करू नकोस. फोनवर तू मला बोलू देत नाहीस.