पकडल्याची बातमी येते, सुटकेचा फोटो येतो, मधल्या वर्षांचं काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गुजरातच्या बोटीवरचे खलाशी पाकिस्तानने पकडले की तुमच्या पेपरात बातमी येते आणि सुटून आले की वाघा बॉर्डरचा फोटो येतो. पण मधे जी दोन-चार वर्षं जातात त्यात ही माणसं घरी यावीत म्हणून दोन्हीकडची साधी माणसं काय काय खटपट करतात ते कुठेच वाचायला मिळत नाही, म्हणून लिहितोय.

मी डहाणू तालुक्यातला, शिक्षक होतो, आता रिटायर झालोय. आमच्या पाड्यांवरची पोरं दरवर्षी सीझनला ओखा, पोरबंदर, वेरावळला बोटीवर जातात, मालकाकडून उचल आधीच घेतलेली असते त्यामुळे मधेच सोडून यायचं म्हटलं तरी येता येत नाही. कच्छजवळच्या सर क्रीक खाडीची हद्द दोन्ही सरकारांनी अजून ठरवलेली नाही, आणि समुद्रात काय कुंपण असतं का, मासळीच्या मागे बोट गेली की पाकिस्तानची मेरिटाइम सिक्युरिटी एजन्सी अख्खी बोट ओढून कराचीला नेते. घरी कळतं ते मालकाच्या फोनवरून, तेही काही दिवसांनी.

माझ्या एका विद्यार्थ्याचं असंच झालं. त्याची आई रेशनकार्ड घेऊन माझ्या दारात बसली, गुरुजी काहीतरी करा म्हणून. मला तरी काय माहीत, पोलीस ठाण्यात गेलो तर म्हणाले बोट गुजरातची आहे तिकडे जा. शेवटी कोणीतरी मुंबईतल्या एका कार्यकर्त्याचा नंबर दिला. त्यांनी नाव, बापाचं नाव, गाव, बोटीचा नंबर एवढं सगळं लिहून घेतलं आणि कराचीतल्या ओळखीच्या माणसांना कळवलं, तिकडून निरोप आला की पोरगा कराचीतल्या मलीरच्या जेलमध्ये आहे, तब्येत बरी आहे. तो निरोप ऐकून त्या बाईने पाच दिवसांनी भाकर खाल्ली हे मी डोळ्यांनी बघितलंय.

ही ओळख एका दिवसात होत नाही हो. दोन्ही देशांत शांतता राहावी म्हणून झटणारा पाकिस्तान-इंडिया पीपल्स फोरम 1994 साली सुरू झाला, आपल्या अलिबागचे अॅडमिरल रामदास त्यात होते, नौदलाचे प्रमुख राहिलेला माणूस आणि तरी म्हणायचे की दोन्हीकडच्या लोकांनी एकमेकांशी बोललंच पाहिजे. तिकडे कराचीत कामगार चळवळीतले करामत अली होते, पाकिस्तान फिशरफोक फोरम ही तिकडच्या मच्छीमारांची संघटना आहे, न्यायमूर्ती नासिर असलम जाहिद यांच्यासारखे रिटायर्ड जज आपल्या कैद्यांना वकील मिळावा म्हणून झटले. सुटलेल्या खलाशांना कराचीहून लाहोरपर्यंत आणायचा खर्च ईधी फाउंडेशन या तिकडच्या सेवाभावी संस्थेने कित्येकदा केलाय, वर हातात थोडे पैसे आणि घरच्यांसाठी भेटवस्तू. आणि हे एकतर्फी नाही, तिकडच्या ठट्टा आणि इब्राहिम हैदरीचे मच्छीमार आपल्या गुजरातच्या तुरुंगात असतात, त्यांच्या घरच्यांचे निरोप इकडची माणसं पोचवतात.

सरकारी रस्ता आहे, नाही असं नाही. 2008 च्या करारानुसार दरवर्षी 1 जानेवारी आणि 1 जुलैला दोन्ही देश कैद्यांच्या याद्या देतात. 1 जुलै 2025 च्या यादीत पाकिस्तानकडे 193 भारतीय किंवा भारतीय समजले जाणारे मच्छीमार होते आणि आपल्याकडे त्यांचे 81. शिक्षा बहुतेकांची काही महिन्यांची असते, ती कधीच संपलेली असते, पण हा माणूस आमचाच आहे हे कळवणारा कागद गावच्या पोलीस ठाण्यापासून दिल्लीपर्यंत आणि तिथून इस्लामाबादला जाईपर्यंत वर्षं जातात. तो कागद कुठे अडकलाय याचा पाठपुरावा ही मंडळीच करतात, कारण पाड्यावरच्या माणसाला दिल्ली कुठून दिसणार. दोन्हीकडच्या रिटायर्ड जजांची एक कमिटी होती, जेलमध्ये जाऊन कैद्यांना भेटायची, तिची शेवटची भेट ऑक्टोबर 2013 ला झाली, त्यानंतर बंदच.

एप्रिल 2025 मध्ये अटारी-वाघाचा रस्ता बंद केला, मे मध्ये टपालही बंद झालं. जी दोन ओळींची पत्रं यायची ती पण गेली. पहलगामला जे झालं त्याचा राग मलाही आहे, खूप आहे. पण उचल फेडायला बोटीवर गेलेल्या पोराचा त्याच्याशी काय संबंध? आणि त्याच्यासाठी कराचीला फोन करणाऱ्याला लोक देशद्रोही म्हणतात तेव्हा मला फार वाईट वाटतं, कारण आमच्या तालुक्यातल्या घरांना पहिला आधार त्याच फोनने मिळालाय. काही खलाशी तर तिकडेच वारले, मृतदेह गावी यायला महिन्याहून जास्त लागला, आई-बायकोने काय करायचं तोपर्यंत.

ती जजांची कमिटी पुन्हा सुरू करा, निदान पत्रं तरी जाऊ द्या, हे आपल्या पेपराने सरकारला ठणकावून विचारावं. आणि तुमच्याकडे एक मागणी, पुढच्या यादीच्या दिवशी नुसता आकडा छापू नका, त्यात पालघर जिल्ह्यातले किती, कुठल्या पाड्यावरचे, किती वर्षं झाली, एवढं शोधून छापा. माहिती गोळा करायला माणूस हवा असेल तर मी पाडोपाडी फिरायला तयार आहे.

आपला एक वाचक,
डहाणू, जि. पालघर