मॅच झाला, पण तुकडा कुठंय?

संपादक महोदय, स.न.वि.वि.

मुलीच्या सी भाषेच्या प्रॅक्टिकल फाइलमध्ये रेगएक्झेकने (regexec, मजकुरात ठरावीक नमुना शोधणारं फंक्शन) मॅच दिला की प्रोग्रॅम संपतो, नमुन्यातल्या कंसात पकडलेला तुकडा बाहेर कसा काढायचा ते कोणी सांगतच नाही. अहो, सी मध्ये तुकडा मिळत नाही, नुसते आकडे मिळतात! इंग्रजीतलं 'एमएच-12' घ्या, नमुन्यात कंस फक्त अंकांभोवती, तर निकालाच्या अ‍ॅरेच्या 1 नंबरच्या घरात सुरुवात 3 आणि शेवट 5 (मोजणी 0 पासून, शेवट म्हणजे शेवटच्या अक्षराच्या पुढची जागा; 0 नंबरच्या घरात अख्खा मॅच असतो), मग वजाबाकी करून 2 बाइट मेमकॉपीने (memcpy, बाइट कॉपी करणारं फंक्शन) उचलायचे आणि मागे नल कॅरेक्टर (मजकूर संपल्याची खूण) आपणच टाकायचं, नाहीतर पुढचा कचराही छापला जातो. ग्रुप (कंसातला भाग) जुळलाच नाही तर दोन्ही आकडे -1 येतात, ते आधी तपासूनच कॉपी करायची. पोरीची अख्खी रात्र यातच गेली.

– एक पालक, ठाणे