आठवा बॅटमॅन कुठे गेला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या रविवार पुरवणीतली, सिनेमात बॅटमॅन करणाऱ्या नटांची यादी वाचली. कालच लिहायला बसले होते पण नवरा म्हणाला आज नको, तू चिडून लिहितेस आणि नंतर हळहळत बसतेस, म्हणून एक रात्र थांबले. काही फरक पडला नाही, अजून तेवढीच चिडलेली आहे.

सात बॅटमॅन, चाहत्यांच्या पसंतीने लावलेले. ख्रिश्चन बेल वर आणि जॉर्ज क्लूनी तळाला, आता हे सांगायला पेपर कशाला लागतो, कुठल्याही सातवीतल्या पोराला विचारा. मधल्या जागांवर कीटन, पॅटिन्सन, अफ्लेक वगैरे मंडळी. आणि कार्टूनमधल्या बॅटमॅनला आवाज देणारा केविन कॉनरॉय? नाही. खाली बारीक टायपात पण नाही. लेखकाने एका वाक्यात उरकून टाकलंय की ॲनिमेशन धरलेलं नाही. धरलेलं नाही म्हणजे काय हो? ज्या माणसाने १९९२ पासून जवळपास तीस वर्षं बॅटमॅन केला, मालिकांमध्ये केला, ॲनिमेटेड सिनेमांमध्ये केला, व्हिडिओ गेममध्ये केला, तो धरायचा नाही, आणि ज्या क्लूनीने १९९७ मध्ये एका सिनेमात केला आणि नंतर स्वतःच जिथे तिथे माफी मागत फिरला तो शेवटचा का होईना पण यादीत आहे.

बरं हाडामांसाचेच धरायचे असा नियम असेल तर तोही धड पाळलेला नाही. १९४३ च्या सिरियलमधला लुईस विल्सन कुठे आहे, १९४९ चा रॉबर्ट लोअरी कुठे आहे? दोघं थिएटरच्या पडद्यावर मुखवटा घालून नाचले होते की. आणि कॉनरॉयचा चेहराच बघायचा हट्ट असेल तर २०१९ मध्ये तो एका मालिकेत म्हातारा ब्रूस वेन (म्हणजे मुखवट्यामागचा माणूस) म्हणून सगळ्यांसमोर येऊन गेलाय. पण एवढं बघणार कोण, कार्टूनवाला ना तो.

मी दहा-अकरा वर्षांची असताना कॉनरॉयची ती १९९२ ची कार्टून मालिका बघायला लागले, दादा माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. आमचा एक खेळ होता. एकाने टीव्हीकडे पाठ करून बसायचं आणि नुसत्या आवाजावरून ओरडायचं, ब्रूस की बॅटमॅन. सोपं वाटतं पण तसं नव्हतं, कारण कॉनरॉयने दोन आवाज ठेवले होते आणि फरक बारीक होता. ब्रूसचा आवाज हलका, जरा लाडावलेल्या श्रीमंत माणसाचा, ज्याला कशाचंच काही पडलेलं नाही. बॅटमॅनचा खाली उतरलेला, सावकाश. ओरडणं नाही, घसा खरवडणं नाही. (बेलबद्दल मला आदर आहे पण तो मुखवटा चढवला की असा बोलायचा की आई आतल्या खोलीतून विचारायची, याचा घसा बसलाय का.)

तर एकदा दादाची पाळी होती. बॅटमॅनच्या गुहेतला सीन, ब्रूसचा नोकर आल्फ्रेड काहीतरी विचारतोय आणि उत्तर आलं. दादा ओरडला बॅटमॅन! मागे वळून बघितलं तर मुखवटा काढलेला, समोर ब्रूस. मी म्हणलं हरलास. तो म्हणे हरलो नाही, आवाज बॅटमॅनचाच आहे, चेहऱ्याशी काय देणंघेणं. त्यावरून रात्री जेवेपर्यंत भांडण. खूप वर्षांनी कॉनरॉयची मुलाखत बघितली त्यात त्याचं म्हणणं तेच होतं, ब्रूस हा देखावा आणि बॅटमॅन हा खरा माणूस, म्हणून एकटा असला की आवाज बॅटमॅनचा. दादाला लगेच फोन केला. फोनवर पहिलं वाक्य काय म्हणाला असेल, मग तो पॉइंट माझा धर. दादा त्या वेळी चाळिशीला टेकला होता!

हे मी का सांगतेय, तर मुलांचं कार्टून म्हणून बाजूला टाकलं की हे सगळं बाजूला पडतं. त्या मालिकेची बॅकग्राउंड चित्रं पांढऱ्या कागदावर नाही तर काळ्या कागदावर रंगवायचे, म्हणून बॅटमॅनचं ते गॉथम शहर तसं दिसतं, अंधारातून थोडं थोडं उजेडात आल्यासारखं. आवाज देणारे नट शक्यतो एकत्र एका खोलीत बसून रेकॉर्ड करायचे, त्यामुळे संवाद खरंच एकमेकांशी बोलल्यासारखे वाटतात. मिस्टर फ्रीझ आधी नुसता बर्फाची बंदूक घेऊन फिरणारा फालतू व्हिलन होता, त्याला आजारी बायको आणि ते दुःख या कार्टूनने दिलं. मग १९९७ च्या सिनेमाने तीच बायको उचलली आणि वर श्वार्झनेगरच्या तोंडी बर्फाचे पीजे घातले. हार्ले क्विन तर कॉमिक्समध्ये नव्हतीच. १९९२ मध्ये या मालिकेत एका एपिसोडपुरती जोकरची साथीदार म्हणून आली, लोकांना आवडली म्हणून राहिली, मग कॉमिक्सने घेतली, मग सिनेमाने घेतली. तुमच्याच पुरवणीत मागे हार्लेच्या मेकअपवर अर्धं पान होतं. तेव्हा चाललं का कार्टून?

आता चाहत्यांच्या पसंतीबद्दल. लेखाचा सगळा सूर असा की चाहत्याला सगळं आधी कळतं आणि स्टुडिओवाले मठ्ठ. अहो मीच चाहती आहे, मला नका सांगू. याच यादीत दुसऱ्या नंबरावर जो कीटन आहे त्याचं नाव १९८८ मध्ये जाहीर झालं तेव्हा हा तर कॉमेडीवाला म्हणून स्टुडिओकडे निषेधाची पन्नास हजार पत्रं गेली असं सांगतात. पन्नास हजार! ईमेल नाही, हाताने लिहून, तिकीट लावून. सिनेमा आला आणि ती पन्नास हजार माणसं कुठे गेली कुणास ठाऊक, मला तर आजपर्यंत एकही भेटला नाही जो म्हणेल की हो मी पत्र पाठवलं होतं.

भेटणार पण नाही. मला माहितीये कारण माझं स्वतःचं तसलं पत्र आहे, आणि ते तुम्हीच छापलंय.

२००६ ची गोष्ट. हीथ लेजर जोकर करणार अशी बातमी आली आणि माझं डोकं फिरलं. माझ्यासाठी जोकर म्हणजे मार्क हॅमिलचा आवाज, त्याच कार्टूनमधला, ते हसणं जे कधी गुदगुल्या झाल्यासारखं असतं आणि कधी पाठीवरून गार पाणी गेल्यासारखं. आणि इकडे हा देखणा, टीनएजर पोरींचा हिरो. मी तुम्हाला पत्र लिहिलं, तुम्ही शुक्रवारी छापलंत, वर चौकटीत. त्यात मी लिहिलंय की या मुलाच्या चेहऱ्यावर जोकर म्हणजे लग्नातल्या नवरदेवाला पेनाने मिशा काढल्यासारखं दिसेल. तेव्हा मला ते फार हुशारीचं वाटलं होतं. आईने कात्रण कापून ठेवलं, आल्यागेल्याला दाखवलं, आमच्या मुलीचं पेपरात आलंय म्हणून. पुढे काय झालं ते सांगायला नको. २००८ च्या जानेवारीत तो गेला, जुलैमध्ये सिनेमा आला, पुढच्या वर्षी त्याच्या घरच्यांनी त्याचं ऑस्कर घेतलं. थिएटरात हॉस्पिटलबाहेरचा तो सीन आला, नर्सचा वेष करून रिमोट खटखट करतो तो, आणि शेजारी बसलेला दादा अंधारात हळूच म्हणाला, नवरदेव. कात्रण अजून आहे. नवऱ्याने लॅमिनेट करून दिलंय, थँक्यू.

पण त्या पत्राला माझं एक शेवटचं वाक्य होतं, तरी सिनेमा आल्यावर बघेन आणि चुकले असेन तर तसं कळवीन. ते तुम्ही कापलंत! जागेअभावी असेल, मान्य आहे, पण खाली दुधाच्या जाहिरातीला एवढी मोठी जागा होती. त्या एका वाक्यामुळे मी जरा तरी विचारी माणूस दिसले असते. ते गेल्यामुळे मी अठरा-एकोणीस वर्षं घरात लॅमिनेटेड मूर्ख म्हणून वावरतेय. पत्रं संक्षिप्त करण्याचा अधिकार संपादकांना आहे हे दर वेळी खाली लिहिलेलं असतं, पण नेमकं माणूस माघार घेतो तेच वाक्य कापायचं हा पण अधिकारच का?

तर अशा चाहत्यांची पसंती ही. आमच्या घरात पुढची पिढी पण तयार आहे. २०२१ मध्ये मार्व्हलची वांडाव्हिजन मालिका चालू होती तेव्हा भाचा दर शुक्रवारी फोन करायचा, मावशी आज मेफिस्टो (कॉमिक्समधला सैतान) येणार. तो सशामध्ये आहे. नाही, तो नवऱ्यामध्ये आहे. नाही, तो शेजारणीचा न दिसणारा नवरा आहे. नऊ एपिसोड झाले, मेफिस्टो आला नाही, आणि त्याने जाहीर केलं की मालिका बकवास आहे. अरे पण ती एका बाईच्या दुःखाची गोष्ट होती, माणूस गेल्यावर ते मान्य न करण्याची. त्याने ती बघितलीच नाही, तो सैतान शोधत होता. मी काय बोलणार, मी नवरदेव शोधणारी.

स्नायडर कटचा, म्हणजे चाहत्यांनी मागे लागून दिग्दर्शक झॅक स्नायडरची जस्टिस लीग सिनेमाची मूळ आवृत्ती आणायला लावली तो मुद्दा तुमच्या लेखात आलाय, तो मात्र बरोबर आहे, तेवढं कबूल करते. २०१७ चा जस्टिस लीग खरंच तुकडे जोडल्यासारखा होता, आणि २०२१ मध्ये चार तासांचा आला तो कितीतरी बरा, त्यातल्या सायबॉर्ग या हिरोला निदान स्वतःची गोष्ट तरी मिळाली. त्या चाहत्यांनी आत्महत्या रोखण्याच्या कामासाठी पैसेही गोळा केले. पण एकदा ऐकलं म्हणून दर वेळी ऐका हे काही मला पटत नाही. चाहत्यांचं ऐकून कीटन गेला असता, लेजर गेला असता. आणि ॲनिमेशन बघताना तर चाहता निम्म्या वेळा खोलीतच नसतो, कारण त्याला वाटतं ते लहान मुलांचं आहे. २०१८ च्या ॲनिमेटेड स्पायडरमॅनला ऑस्कर मिळालं तेव्हा ऑफिसातला एकजण मला म्हणाला छान आहे म्हणे, पोरांना दाखवतो. मी म्हणलं पोरांना नको दाखवूस, तू बघ. त्यात माइल्स हा पोरगा नवशिका स्पायडरमॅन असताना त्याची हालचाल मुद्दाम कमी चित्रांत केलीये, सेकंदाला बारा, आणि शेजारी जुना स्पायडरमॅन पीटर चोवीसवर सरसर जातोय, म्हणून माइल्स अडखळल्यासारखा दिसतो. हाडामांसाच्या नटाला करून दाखव म्हणावं हे. तो म्हणाला बरं बरं. अजून बघितलेला नाही.

अजून एक, सांगायचं नव्हतं पण आता लिहितेच आहे तर. यादीत व्हॅल किल्मरच्या नावाखाली फोटो क्लूनीचा आहे. मुखवट्यातून हनुवटीच दिसते हे खरं, पण ओठ बघा ना. किल्मर २०२५ मध्ये गेला. निदान गेलेल्या माणसाचा फोटो तरी त्याचा लावा. आणि कॉनरॉय नोव्हेंबर २०२२ मध्ये गेला तेव्हा तुमच्याकडे बातमी आली होती का हे मी दोन दिवसांचे अंक काढून शोधलं होतं. आतल्या पानावर चार ओळी होत्या आणि मथळ्यात कार्टूनला आवाज देणारे असं होतं, नाव दुसऱ्या ओळीत.

यादी पुन्हा छापा असं मी म्हणत नाही, तुम्ही छापणार नाही. फोटोची दुरुस्ती तेवढी छापा. आणि हे पत्र घेतलंत तर वरून कुठूनही कापा, दादाचं भांडण कापा, भाच्याचा ससा कापा, पण पुढचं वाक्य राहू द्या, कारण हे २००६ चं बाकी आहे: हीथ लेजरबद्दल मी जे लिहिलं होतं ते साफ चुकलं होतं.

आपली,
एक जुनी वाचक

ता.क. दादाने आत्ता वाचलं. त्याचं म्हणणं, तो पॉइंट त्याला अजून मिळालेला नाही, हे पण लिही.