सुन्यास पत्र, विक्याच्या रीलवरून

प्रिय सुन्या,

लिहीन लिहीन म्हणत दिवाळी आली. तब्येत बरी आहे, आईचे गुडघे होते तसेच. व्हॉट्सॲपवर टाकलं असतं तर तू अंगठा दाबून फवारणीला गेला असतास, म्हणून हे लांबण. बसून वाच.

विक्याचं नवीन रील आलं का तुझ्यापर्यंत? नसेल आलं तर शोधू नकोस, मीच सांगतो. आपला तिघांचा पुण्यातल्या शास्त्री रोडवरचा फोटो आहे ना, 2023 च्या फेब्रुवारीतला, एमपीएससीच्या आंदोलनाच्या रात्रीचा, ज्यात तू माझी शाल पांघरून बसलायस (ती शाल अजून तुझ्याकडंच आहे, असो), तो लावलाय. मागं रडकं म्युझिक आणि वर अक्षरं, 'दोघांनी हार मानली, तिसरा अजून लढतोय'. आपल्या डोळ्यांवर काळ्या पट्ट्या मारल्यात, तेवढे उपकार. लाखभर लोकांनी बघितलं म्हणे. एकानं खाली लिहिलंय, असले मित्र वेळीच सुटले ते बरं झालं.

माझं मला काही वाटलं नाही. मी कंटाळून सोडलं, पगार चालू झाला, विषय संपला. पण तू? अण्णांना ॲडमिट केलं तेव्हा दवाखान्यात डबा घेऊन कोण जात होतं, विक्याच ना? तुला झोप मिळावी म्हणून बाहेरच्या बाकड्यावर रात्र काढली होती त्यानं. त्या माणसानं 'हार मानली' लिहावं? डोकंच फिरलं, रविवारी तडक नव्या पेठेत गेलो.

अभ्यासिकेत खिडकीजवळची तीच जागा, जिच्यावरून तुम्ही दोघं महिनाभर बोलत नव्हतात. फक्त आता टेबललॅम्पला चिकटपट्टीनं मोबाईलचा स्टँड बांधलाय. 'माझ्यासोबत बारा तास अभ्यास' असलं काहीतरी टाइमलॅप्स चालू होतं. मी मागं उभा राहून बघत होतो, पेन हलत होतं पण पान काही उलटत नव्हतं. आणि पान कुठलं माहितीय? कलम 51 क, मूलभूत कर्तव्यं. घरी येऊन त्याची जुनी रीलं काढून बघितली तर निम्म्यात तेच पान! का, तर त्यावर तीन रंगांचं हायलायटर बसलंय, कॅमेऱ्यात भारी दिसतं. खाली चहाला गेलो तेव्हा सहज विचारलं, कर्तव्यं किती रे? म्हणाला, दहा. सुन्या, दहा म्हणाला! 2002 ची 86 वी घटनादुरुस्ती, अकरावं कर्तव्य, सहा ते चौदा वर्षांच्या पोरांना शिक्षणाची संधी द्यायची, हे आपल्याकडून झोपेत म्हणवून घेणारा हा इसम. मी हसलो, तोपण हसला, मग दोघं एकदम गप्प झालो.

रीलचा विषय काढला तर म्हणे, "अरे तुमच्यावर नाहीये ते, हुक लागतो. पहिल्या तीन सेकंदात माणूस थांबला नाही तर गेला." आणि मोबाईल उघडून मला आलेख दाखवायला लागला, कुठल्या सेकंदाला किती लोक पळाले. एवढ्या तळमळीनं त्यानं आपल्याला कधी भूगोल समजावला नाही बघ. चहा गार. अर्थात चहाचा व्हिडिओ आधी काढून झाला होता.

तो आळशी झालाय असं मी म्हणत नाही, उलट भयंकर राबतो, एडिटिंग करत पहाटेपर्यंत बसतो. घोळ वेगळाच आहे. त्याच्या कमेंट वाच कधीतरी. 'साहेब, तुम्हाला बघून उभारी येते', 'भावी डीवायएसपी साहेब', सगळं असलं. खेड्यातली पोरं विचारतात कुठली पुस्तकं घेऊ, हा सांगतो. एका क्लासवाल्याची जाहिरात करतो, रूमचं भाडं निघतं. आता आपल्याला पोस्ट कशाला पाहिजे होती, खरं बोल. लोकसेवा वगैरे मुलाखतीपुरतं. गावात चार लोकांनी साहेब म्हणावं, उठून खुर्ची द्यावी, निम्मी भूक तर तीच होती की नाही? ती त्याची रोज सकाळी दात घासायच्या आत भागतेय, मग तीन-तीन तास पेपर लिहायची आग येणार कुठून? पूर्व परीक्षा 28 सप्टेंबरची पावसामुळं 9 नोव्हेंबरला गेली तर पठ्ठ्या खूश, त्यावरपण रीलं काढली. आणि आपण रस्त्यावर बसलो होतो ते कशासाठी? वर्णनात्मक पॅटर्न 2025 पासून लावा, लिहायच्या सरावाला वेळ द्या, म्हणून घसा फोडला ना? मिळाला वेळ. मुख्य परीक्षेला 1,750 मार्कांचं लिहायचंय आता. मी म्हटलं दाखव तुझी उत्तरांची वही, तर म्हणे टेलिग्रामला पीडीएफ आहे, पाठवतो. दुसऱ्या कुणाची तरी.

(तू म्हणशील मी आधीपासूनच त्याच्यावर जळतो. मेसच्या बिलावरून तू हे सगळ्यांसमोर बोलला होतास, विसरलो नाही मी.)

खरं मला लागलं ते काकूंचं, विक्याच्या आईचं. बचत गटातून पैसे उचलून त्यांनी मोबाईल घेतला, का तर ह्याचे व्हिडिओ बघायला. परवा मला फोन आला. म्हणाल्या, "रात्री दोनलापण त्याच्या नावापुढं हिरवा टिपका असतो रे, म्हणजे जागाच असतो. मी हात जोडलेले पाठवते, तो बदाम पाठवतो. फोन लावला की उचलत नाही. तुला काही म्हणला का, परीक्षेचं काय चाललंय?" मी म्हटलं, चालूय अभ्यास. मग त्याच म्हणाल्या, व्हिडिओत वाळलेला दिसतो, जेवतो का बघ जरा. जेवतो, पण आधी ताटाचा फोटो, हे काही सांगितलं नाही.

बाकी तुझं काय? बागेत पाणी किती दिवस होतं? छाटणी झाली का लांबली? डाऊनी रोगाचं सगळीकडून ऐकतोय. पंचनाम्याला कुणी फिरकलं का? पिंट्याच्या लग्नाला येतोय, रजा टाकलीय. वहिनींना नमस्कार, पिल्लूला पापा.

आता काम ऐक. तो माझं ऐकणार नाही, त्याच्या लेखी मी सेटल झालेला माणूस, मला काय कळतंय. तुझं ऐकेल, निदान तुझ्यापुढं लाजेल तरी. 9 तारखेच्या आधी एकदा फोन कर. रीलचं आणि अण्णांचं काढायचं का नाही ते तू ठरव, मला त्यात पडायचं नाही, पण काकूंचं नक्की काढ. आणि साधा फोन कर हां, व्हिडिओ कॉल नको, नाहीतर स्क्रीन रेकॉर्ड करून 'हरलेला मित्र परत आला' म्हणून टाकेल, त्याचा भरवसा नाही.

तुझा,
म्हाद्या