परदेशी पदवी घरबसल्या, पण आधी हे पाहा

संपादक महोदय,

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातली मुले घरी बसून परदेशी विद्यापीठांचे ऑनलाइन वर्ग करू लागली आहेत. फी भरण्याआधी मान्यता तपासा. मान्यता नसलेल्या परदेशी संस्थांशी हातमिळवणी करून एडटेक (ऑनलाइन शिक्षण विकणाऱ्या) कंपन्या देत असलेल्या ऑनलाइन पदव्यांबाबत यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) डिसेंबर २०२३ मध्येच इशारा दिला आहे. सरकारी नोकरी डोक्यात असेल तर हा मार्ग नकोच.

खरे घोडे अडते नावावर. एसएसएलसीच्या (कर्नाटकातल्या दहावीच्या) गुणपत्रिकेत कित्येकदा नुसती आद्याक्षरे, पासपोर्टवर आडनावासह पूर्ण नाव. परीक्षेआधी कॅमेऱ्यासमोर ओळखपत्र धरावे लागते. स्पेलिंग जुळले नाही तर तिथेच अडवतात. म्हणून अर्ज पासपोर्ट समोर ठेवूनच भरा. (‘बेलगाम’चे ‘बेळगावी’ २०१४ मध्ये झाले, तो घोळ आणखी वेगळा.)

ब्रिटनचा संध्याकाळी सहाचा वर्ग उन्हाळ्यात आपल्याकडे रात्री साडेदहाला. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळे मागे गेली की साडेअकराला. खानापूरच्या पावसात लाइट गेली की लॅपटॉप चालतो, राउटर बंद पडतो. राउटर १२ व्होल्टचा असेल (ॲडॅप्टरवर लिहिलेले असते) तर छोटा डीसी यूपीएस (राउटरला थेट वीज देणारा बॅटरीचा डबा) पुरतो. मोबाइलचा हॉटस्पॉटही आदल्या दिवशीच जोडून बघा.

– काही शिक्षक, खानापूर (जि. बेळगाव)